गादीतली घडी

हॉस्पिटलात सगळे त्याला मशीनदादा म्हणायचे. मॉनिटर रुसू दे, पंप अडू दे, की नुसता प्लग सैल होऊ दे, हाक त्यालाच. त्या दुपारी मात्र तो नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाबाहेर बाकावर बसला होता, हत्याराविना, अंगात घरचा शर्ट. काचेपलीकडे त्याचाच मुलगा होता. जन्मल्यावर बराच वेळ रडलाच नव्हता. मेंदूला आणखी इजा होऊ नये म्हणून डॉक्टरांनी त्याला तीन दिवस थंड ठेवायचं ठरवलं होतं. अंगाखाली पातळ रबरी गादी, गादीतून फिरणारं गार पाणी, आणि ते पाणी गार करणारं चाकांवरचं यंत्र. त्या यंत्राचे नखरे मशीनदादाला तोंडपाठ होते.

त्याच्या खात्याच्या साहेबांनी सकाळीच बजावलं होतं, "तू रजेवर आहेस. मशीनला हात लावायचा नाही. आत जायचं तर बाप म्हणून जा."

म्हणणं रास्तच होतं. पण बाप म्हणून आत जायला पाय उचलत नव्हता. दोनदा दारापर्यंत गेला, हात धुतले, आणि ओले हात घेऊन पुन्हा बाकावर येऊन टेकला. वर जावं तर ऑपरेशनचे टाके सांभाळत पडलेली बायको विचारणार, "कसा आहे?" इथे बसावं तर काच खायला उठायची. घरी जायचा तर प्रश्नच नव्हता; रिकामा पाळणा बघायला कोण जाणार?

तेवढ्यात आतून अलार्म वाजला.

दुसऱ्या कुणाला ती नुसती पिकपिक वाटली असती. त्याला आवाजावरूनच कळलं, पाणी नीट फिरत नाहीये. थोरल्या सिस्टरनी बटण दाबून आवाज बंद केला. जरा वेळाने तो पुन्हा सुरू झाला. सिस्टर वाकून नळ्या चाचपू लागल्या.

"जोडणी बघा, जोडणी," तो काचेला तोंड लावून पुटपुटला. आत कुणाला काय ऐकू जाणार?

त्याने साहेबांना फोन लावला. "कंपनीचा माणूस वाटेत आहे," साहेब म्हणाले.

"वाटेत म्हणजे कुठे, साहेब?"

"विचारून सांगतो," म्हणत साहेबांनी फोन ठेवला. इकडे दार उघडलं आणि थोरल्या सिस्टर बाहेर डोकावल्या. "मशीनदादा, आत या."

"साहेब नको म्हणालेत."

"साहेबांचं मी बघून घेते. बाळाचं तापमान चढायला लागलंय. येताय, की ओढून नेऊ?"

तो आत गेला तो खाली मान घालूनच. नजर यंत्रावर, पाठ बाळाकडे. टाकीतलं पाणी बघितलं, पुरेसं होतं. नळीवरून बोटं फिरवली, कुठे पीळ नव्हता. जोडण्या काढून खट् आवाज येईपर्यंत पुन्हा बसवल्या. अलार्म चालूच. शेवटी त्याने कपाटातली जादाची गादी मागवली आणि बाळाच्या गादीच्या नळ्या काढून तिला जोडल्या. गादी टम्म फुगली, अलार्म गप्प झाला.

"मशीन ठणठणीत आहे," तो म्हणाला. म्हणजे दोष तिथेच होता, जिकडे बघायचं तो टाळत होता. "सकाळी एक्स-रे काढलात?"

"काढला. प्लेट खालून सरकवली होती."

"तेव्हाच गादी दुमडली असणार, मग घडी हळूहळू दबत गेली. बाळाला उचलावं लागेल."

"मग उचला."

"मी?"

"माझा एक हात श्वासाच्या नळीवर, एक डोक्याखाली. धाकटी सिस्टर पलीकडच्या बाळात अडकलीय. तुम्ही धडाखाली हात घाला."

"आम्ही पेशंटला हात लावत नाही, सिस्टर. नियम आहे."

"पेशंटला नका लावू. मुलाला लावा."

त्याने नळ्या पुन्हा बाळाच्या गादीला जोडल्या, हात धुतले आणि वळला. आजवर किती बाळांसाठी त्याने स्वतः आकडा लावून दिला होता. पण साडेतेहतीस अंश हाताला कसे लागतात हे त्याला ठाऊक नव्हतं. तळहात पाठीखाली सरकवला आणि तो शहारला. एवढंसं अंग, गारढोण. जिवंत माणूस इतका गार? हात मागे घ्यावा, शर्टाची बटणं काढून त्याला पोटाशी धरावं, असं त्याच्या मनात आलं. पण ऊब द्यायची नव्हती. याच हातांनी त्याला आणखी गार करायची सोय लावायची होती.

"मशीनदादा," सिस्टर हळूच म्हणाल्या, "मान मी धरलीय. उचला."

त्याने बाळ तळहातावर जेमतेम बोटभर उचललं. दुसऱ्या हाताने गादी चाचपली. खांद्याखाली कोपरा पार आत दुमडला होता आणि पाणी आत शिरायची वाटच बंद झाली होती. त्याने कोपरा ओढून सपाट केला. गुळगुळ आवाज करत पाणी आत शिरलं. बाळाला त्याने पुन्हा त्या गारव्यावर ठेवलं तेव्हा डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता.

लगेच दुसरा अलार्म वाजला. तो दचकला, मग पडद्याकडे बघून म्हणाला, "हा तापमान वाढल्याचा. आकडा उतरेपर्यंत वाजणारच."

"मग बसा इथेच," म्हणत सिस्टरनी पायाने स्टूल पुढे सरकवलं.

आकडा उतरला. कंपनीचा माणूस संध्याकाळी उगवला, यंत्र तपासलं, "सगळं ओके" म्हणाला आणि गेला.

तीन दिवस भरल्यावर गादीतलं पाणी हळूहळू कोमट करत नेलं. तिथे घाई केली तर जिवावर बेततं. मशीनदादा स्टुलावरून हलला नाही. शेवटी त्याने बाळाच्या पोटावर हात ठेवला आणि त्याचा चेहराच उतरला.

"सिस्टर, हा तापलाय!"

सिस्टरना हसू आवरेना. "याला नॉर्मल म्हणतात हो."

डॉक्टर मात्र हसले नाहीत. "चांगलं लक्षण आहे," ते म्हणाले, "पण मेंदूचं काय ते काही महिन्यांनी कळेल. तोवर वाट बघायची."

तो जिना चढून बायकोकडे गेला. तिने विचारायच्या आधीच डॉक्टरांचं सगळं बोलणं तिला सांगितलं, काही लपवलं नाही. ती टाके सांभाळत उठून बसली.

"म्हणजे अजून सुटका नाही," ती म्हणाली.

"नाही," तो म्हणाला, आणि तिला खाली न्यायला चाकांची खुर्ची शोधू लागला.