पास्तिएरा खाणारा मिस्टर

साल्विएल्ला गावाचा फुटबॉल संघ तिसऱ्या विभागातला का होईना, पण पगारी संघ होता. त्याच्या प्रशिक्षकाला सगळे ‘मिस्टर’ म्हणत. नवा मिस्टर गाडीतून उतरला की न्हाव्याच्या दुकानात एकच प्रश्न निघे: हा ईस्टरची पास्तिएरा खाणार का? म्हणजे शिजवलेले गहू आणि ताजं चीज घातलेली ती गोड पास्तिएरा घरोघरी भाजली जाईपर्यंत टिकणार का? जेरार्दो संघाचा अध्यक्ष झाल्यापासून एकाही मिस्टरच्या तोंडी ती लागली नव्हती. कुणी नाताळाआधीच गेला, कुणी कार्निव्हलच्या धामधुमीत. एकाने तर बायकोला बोलावून घेतलं आणि ती स्टेशनावर उतरली तेव्हा तो त्याच गाडीत चढत होता.

जेरार्दोची आई, दोन्ना एर्सिलिया, हिला याची भारी लाज वाटे. तिचा नवरा कार्मिने अध्यक्ष होता त्या काळी एकच मिस्टर इतकी वर्षं राहिला की त्याच्या मुलींची लग्नं गावातच झाली. संघ वर चढला, खाली घसरला, पुन्हा चढला. मिस्टर जागचा हलला नाही. रविवारी हरले तरी संध्याकाळी दोघं चौकात पत्ते कुटत बसत आणि कार्मिने भांडे तो फक्त पत्त्यांवरून. पुढे टोमॅटो डबाबंद करायचा कारखाना आणि संघ मुलाच्या हाती देऊन तो गेला. जेरार्दोने कारखाना बापासारखा सांभाळला. संघाचा मात्र पोरखेळ केला.

त्या वर्षी मिस्टर आला तो पार उत्तरेकडच्या डोंगरातला, ओदोरिको नावाचा. उंच, हडकुळा, याला जीभ दिली आहे की नाही अशी शंका यावी असा. अध्यक्षांच्या घरी पहिल्यांदा कॉफीला आला तेव्हा एर्सिलियाने विचारलं, “कशी झालीय?”

“जळकी,” तो म्हणाला.

जेरार्दोला ठसका लागला. एर्सिलिया मात्र खूश झाली. आजवरच्या सगळ्या मिस्टरांनी तिच्या कॉफीची तोंडभरून स्तुती केली होती, आणि ती जळकीच असे.

दुसऱ्याच दिवशी मासळीवालीपुढे तिने असुंताशी पैज लावली. असुंता म्हणजे समोरच्या बाल्कनीतली शेजारीण. एरवी जिवाभावाची मैत्रीण, पास्तिएराच्या बाबतीत हाडवैरीण.

“हा माझी पास्तिएरा खाणार बघ.”

“हा? अगं, हा तर थंडीच्या तोंडावर चेस्टनट भाजायच्या आधी जाईल!”

“लाव पैज. गेला तर तुला कृती सांगेन.”

मासळीवालीचा सुरा वरच्या वर थांबला. ही कृती एर्सिलियाच्या सासूने मरताना तिच्या कानात सांगितली होती. सख्ख्या सुनेला अजून तिने ताकास तूर लागू दिला नव्हता.

“आणि राहिला तर?” असुंताने विचारलं.

“तर ईस्टरला माझ्या टेबलाशी सगळ्यांदेखत म्हणायचं, एर्सिलिया, तुझी माझ्याहून सरस.”

असुंताने क्रूसाची खूण केली आणि हातावर हात मारला.

मिस्टर वाईट नव्हता. त्याचं मोठं दुखणं म्हणजे जेरार्दो. मध्यंतर झालं की हा चिरूट पेटवून खेळाडूंच्या खोलीत शिरायचा. मिस्टर म्हणे, मागे राहा; अध्यक्ष म्हणे, पुढे घुसा; पोरं मधोमध उभी राहत आणि गोल खात. ओदोरिको यावर भांडतही नसे, समजावतही नसे. गप्प बसून टोपी नीट करी. फेब्रुवारीत संघ लागोपाठ तीन सामने हरला आणि ओव्हरकोटवाला दिसला.

असा एक माणूस दरवर्षी दिसे. कधी कोट काळा, कधी उंटाच्या रंगाचा. स्टँडमध्ये एकटा बसायचा, काळा चष्मा लावायचा, टाळी वाजवायचा नाही. गावाने समजून घ्यायचं, पुढचा मिस्टर माल बघायला आलाय.

असुंता बाल्कनीतून ओरडली, “एर्सिलिया, गहू किती भिजवतेस, एवढं तरी आत्ताच सांगून ठेव!”

पुढच्या रविवारी एर्सिलियाने कांदे उशिरा चिरले. मांसाबरोबर शिजून शिजून कांद्याचा पार लगदा झाल्याशिवाय त्या घरात जेवण वाढलं जात नसे, आणि रविवारच्या जेवणावरून उठायची कार्मिनेच्या मुलाची काय बिशाद!

“आई, सामना सुरू होईल!”

“होऊ दे. कांद्याला घाई चालत नाही.”

“अगं, मी अध्यक्ष आहे!”

“तो मैदानावर. इथे तू जेवायला बसलेला मुलगा आहेस. पाव घे.”

जेरार्दो सुटला तेव्हा उत्तरार्ध सुरू झाला होता. एर्सिलियाने रेडिओ लावला. साल्विएल्ला दोन गोलांनी पुढे! निवेदकाचा आवाज आनंदाने फाटला होता. “आणि हे आपले अध्यक्षही आले, जिना चढतायत...” इतक्यात एक गोल बसला. “अध्यक्ष खुर्चीवर बसले...” दुसराही बसला. बरोबरी. निवेदकाने अध्यक्षांचं नाव घेणंच सोडून दिलं.

एर्सिलियाचा बेत खरं तर एवढाच होता की निदान एका मध्यंतराला मुलाने त्या खोलीत जाऊ नये. पण वरून पदरात पडलेलं ती परत करणारी नव्हती.

जेरार्दो तोंड पाडून घरी आला. “आई, मी बसलो तशी शेजारच्या नोटरीने अपशकुन टळावा म्हणून खिशातली लोखंडी किल्ली घट्ट धरली. नोटरीने! एवढा शिकलेला माणूस!”

“मी काही म्हणत नाही,” एर्सिलिया म्हणाली.

“म्हणजे तुलाही वाटतं, मी पांढऱ्या पायाचा?”

“मी म्हटलं का काही? बूट काढ आणि पाय शेकून घे.”

पुढच्या रविवारी तो आपणहून घरी राहिला. संघ जिंकला. त्याच्या पुढच्याही रविवारी जिंकला. मध्यंतराला खेळाडूंच्या खोलीत आता एकाच माणसाचा आवाज असे, आणि तोही फारसा नसे. ओव्हरकोटवाला दिसेनासा झाला. वसंत आला तसा जेरार्दो आईसमोर बसून वाटाणे सोली, रेडिओ ऐके आणि गोल झाला की एकटाच टाळ्या वाजवी.

ईस्टरच्या आदल्या सोमवारी असुंता पुन्हा बाल्कनीत उभी. “एर्सिलिया! ओव्हरकोट आलाय गं! हॉटेलात उतरलाय!”

एर्सिलियाने मुलाला स्वयंपाकघरात गाठलं. “जिंकणाऱ्याला कुणी काढतं का रे, मेल्या?”

“मी काढतो,” जेरार्दो म्हणाला. “पेपरात फोटो मिस्टरचा, चर्चमध्ये मेणबत्त्या मिस्टरसाठी. न्हावी मला विचारतो, अध्यक्षसाहेब, या वेळीही घरीच ना? संघ कुणाचा आहे, आई? तो मला साधं ‘बरे आहात ना’ असंही विचारत नाही.” आणि तो वाटाण्यांच्या टोपलीकडे बघत राहिला. लहानपणी पोरांनी खेळायला घेतलं नाही की असाच दारात येऊन उभा राहायचा.

त्याला घरी बसवला होता तिनेच. आता निस्तरायचंही तिलाच होतं.

बुधवारी काळा पोशाख आणि काळी पर्स अशी ती सरावाच्या मैदानावर हजर झाली. ओदोरिको मैदानात खुणेचे शंकू मांडत होता.

“मिस्टर, माझ्या मुलाला काहीतरी विचार.”

“काय विचारू? त्यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही.”

“ते मला सांगतोस? त्याला कळतं ते विचार.”

“मला गरज नाही.”

“तुला नसेल, त्याला आहे. माझा नवरा आपल्या मिस्टरला रोज काहीतरी विचारायचा आणि मिस्टर त्याला. काय विचारायचे ठाऊक आहे? पावसाचं, दाढदुखीचं. फुटबॉलचं अक्षर नाही. आणि तुझी टोपी सरळच आहे रे, सारखी काय चाचपतोस!”

ओदोरिकोने पुढचा शंकू मांडला. ती पुटपुटत घरी परतली.

गुरुवारी पास्तिएरा भट्टीत असताना दार वाजलं. मिस्टर होता. टोपी हातात.

“अध्यक्षसाहेब, एक अडचण आहे. माझे मधले दोन बचावपटू एका मुलीवरून भांडलेत. एकमेकांशी बोलत नाहीत. शनिवारी दोघंही हवेत. तुमच्या कारखान्यात असं झालं तर तुम्ही काय करता?”

जेरार्दोने स्वतःची खुर्ची त्याच्यापुढे सरकवली. “बसा, बसा! समजूत काढायची नाही, हे पहिलं. मी काय करतो, दोघांना एकाच स्कूटरवरून शेतावर धाडतो. रस्ता असला खड्ड्यांचा, की मागच्याला पुढच्याची कंबर धरावीच लागते.”

ओदोरिको हसला. त्याला दात आहेत हे त्या घराला तेव्हा कळलं.

ईस्टरमुळे सामना शनिवारी होता. दोघे बचावपटू खरोखरच एका स्कूटरवरून मैदानावर आले, मागचा पुढच्याला घट्ट धरून. जेरार्दो आपल्या खुर्चीवर बसला. नोटरीचा हात खिशात गेलाच. मध्यंतराला जेरार्दो सवयीने उठू लागला, तशी शेजारी बसलेल्या एर्सिलियाने पर्समधून संत्रं काढून त्याच्या हातात ठेवलं.

“सोल. साल सलग निघालं पाहिजे.”

सोलून होईतो उत्तरार्धाची शिट्टी झाली. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला, पण हरले नाहीत. जेरार्दोने रेडिओवर सांगितलं, “आमचं, म्हणजे माझं आणि मिस्टरचं, आधीच तसं ठरलं होतं.” ओव्हरकोटवाला संध्याकाळच्या गाडीने गेला.

ईस्टरच्या टेबलाशी सगळे जमले. असुंता रिवाजाप्रमाणे स्वतःची पास्तिएरा घेऊन आली होती. मिस्टरने दोन्हींचा एकेक तुकडा शांतपणे संपवला. मग असुंता उठली, एरंडेल घ्यायला उठावं तशी.

“एर्सिलिया, तुझी माझ्याहून सरस.”

“मोठ्याने.”

“सरस! ऐकलंस का, बहिरे?”

टाळ्या पडल्या. एर्सिलिया तृप्त होऊन मिस्टरकडे वळली. इथेच थांबायला हवं होतं, पण तिला राहवलं नाही.

“तू सांग रे, ओदोरिको. कशी झालीय?”

“बरी आहे,” मिस्टर म्हणाला. “पण ती दुसरी जास्त चांगली. हिच्यात संत्र्याच्या फुलांचं पाणी फार झालंय.”

असुंता हसता हसता खुर्चीवरून घसरायचीच बाकी राहिली. नोटरीने तोंडावर रुमाल धरला. एर्सिलियाच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. आजवर गेलेले सगळे मिस्टर तिच्या डोळ्यांपुढून गेले, आणि पहिल्यांदाच तिला वाटलं, त्यांतल्या काहींचं तरी स्वतःचंच चुकलं असणार.

ती मुलाच्या कानाशी वाकली. “जेरार्दो, त्या ओव्हरकोटवाल्याचा फोन नंबर आहे ना रे तुझ्याकडे?”

“आहे की. का गं?”

समोर ओदोरिको असुंताच्या पास्तिएराचा दुसरा तुकडा वाढून घेत होता.

“काही नाही. जपून ठेव,” एर्सिलिया म्हणाली आणि कॉफी करायला उठली. ती त्या दिवशी तिने मुद्दाम जळू दिली.