शिंपीकाकांचं शून्य

बाईंच्या स्वयंपाकवर्गाचा एक नियम होता, आणि त्याचा बाईंना कोण अभिमान. दर शनिवारी प्रत्येकाने आठवडाभर घरात वाया गेलेलं डब्यात भरून आणायचं. सालं, देठं, शिळंपाकं, सगळं. डबा तराजूवर ठेवायचा आणि आकडा फळ्यावर लिहायचा.

शिंपीकाका पहिल्यांदा आले तेव्हा त्यांचा डबा दोन किलोंचा होता. बायको जाऊन जेमतेम चार महिने झालेले. करपलेला भात आणि बुरशी आलेला पाव, दुसरं काय असणार? पण माणूस शिकला. आकडा उतरला, चेहऱ्यावर तुकतुकी आली, भाजी चिरताना बायकांची फिरकीही घ्यायला लागला. मग एका शनिवारी डबा रिकामा. बाईंनी अख्ख्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. काका लाजून चूर झाले.

पुढचे तीन शनिवारही शून्यच. सदरा कसा अंगाबरोबर बसलेला. वर्गाने माणूस उभा केला, असं बाई ज्याला त्याला सांगत सुटल्या.

त्यानंतरच्या शनिवारी काका आले नाहीत. बाई कांदे सोलत होत्या. समोर सालांचा ढीग पडला आणि त्यांनी सुरी खाली ठेवली. अगं बाई, कांद्याला साल असतं की. चूल पेटणाऱ्या घरातून शून्य येईलच कसं? इतकी वर्षं स्वयंपाक शिकवून एवढं साधं कळू नये, याची त्यांना शरम वाटली. वर्ग तसाच टाकून त्या निघाल्या.

दार नुसतं लोटलेलं होतं. ओटा लख्ख, कोरडा. शेगडीवर कोळ्याचं जाळं. काका बनियनवर मशीनपाशी बसले होते. बरगड्या मोजून घ्याव्यात.

"काका, जेवलात?"

"शनिवारी वर्गात जेवतो की. मधे टपरीवर चहा-बिस्किट."

"घरी का नाही करत?"

"एकट्यापुरतं कितीही कमी केलं तरी उरतंच, बाई. मग फळ्यावरचं शून्य जायचं. एवढ्या टाळ्या वाजवल्यात तुम्ही." काका ओशाळं हसले. "आज चक्कर आली, नाहीतर आलो असतो."

मशीनवर तोच सदरा होता. कुशीची शिवण उसवून आत घेतलेली, एकदा, दोनदा, तीनदा. त्याच्याही आत खडूची ताजी रेघ होती.

"ही कशाला?"

"पुढच्या शनिवारची," काका म्हणाले. "आत्ताच आखून ठेवली."