मास्तरीणबाईंचं अर्धं बोलणं

असे लांब का बसलात? इकडे या, जवळ सरका. आज एक गोष्ट सांगते. गोड नाही हं, आधीच सांगून ठेवते. ऐकल्यावर चूळ भरावीशी वाटेल. पण भगवंताने कान दिलेत ते काय नुसत्या मधासाठी?

दोन बहिणी होत्या. थोरली शाळेत शिकवायची. सगळी गल्ली तिला मास्तरीणबाई म्हणायची. धाकटी बेकरीत कामाला. थोरली मुलांना वादविवादासाठी तयार करायची आणि तिचा धडा ठरलेला: आधी समोरच्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत, त्याच्याच सुरात मांडायचं, ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की हा त्याच्याच बाजूचा. मग एकेक पीस उपटायचं. घरीही तीच तऱ्हा. आईशी भांडायचं झालं तर आधी हुबेहूब आईसारखी कमरेवर हात ठेवून, "मी मेले म्हणजे कळेल तुम्हाला," असं म्हणायची. आईला हसू आवरायचं नाही आणि भांडण तिथेच फुस्स.

पुढे तिची फुफ्फुसं थकली. डॉक्टरांच्या सांगण्यावरून एका कंपनीचं श्वासाचं यंत्र भाड्याने घरी आलं. दिसायला देखणं, गुणाने कुचकं. चालता चालता मधेच बंद पडायचं आणि वर टुंग टुंग वाजायचं. मास्तरीणबाई उशांना टेकून बसल्या बसल्या रात्र काढायच्या. धाकटी यंत्राच्या बटणाशी. आई तेव्हा मांडीचं हाड मोडून मुलाच्या घरी पडून होती, दूरच्या गावात. थोरली तिला फोनवर एवढंच सांगायची, "बरी आहे गं. तू तुझं हाड सांभाळ."

मग मास्तरीणबाई गेल्या. यंत्राने मारलं असं मी म्हणणार नाही. दुखणंच तसं होतं. पण शेवटचे दिवस त्याने नासवले, हे खरं.

आई काठी टेकत घरी आली. यंत्र परत करायचं होतं, म्हणून धाकटीने एका दुपारी फोनवर कंपनीचं पोर्टल उघडलं. पोर्टलने नुकती कात टाकली होती. पूर्वी तिथे एक फोन नंबर होता, तो गेला. त्याच्या जागी गुलाबी ढग तरंगत होते आणि त्यावर थोरलीचं नाव घालून लिहिलं होतं, "कशा आहात? आज छान श्वास घेतलात ना?"

खाली नव्या सोयींची आरास मांडलेली. सगळ्या प्रश्नांना उत्तर देणारा 'सोबती'. लेख आणि चित्रफिती ठेवलेलं 'ज्ञानदालन'. आणि त्या दालनात पहिल्याच चौकटीत, 'आमची आनंदी माणसं' या मथळ्याखाली, थोरलीचा चेहरा. धाकटीचं बोट आपोआप त्यावर पडलं. मागे बासरी वाजायला लागली आणि मास्तरीणबाई बोलल्या, "या यंत्रामुळे मला शांत झोप लागते. माझ्या घरच्यांना आता काळजी उरलेली नाही." वर फुलं उधळली.

आता ती चित्रफीत घेतली त्या दिवशी खरं काय झालं होतं ते ऐका. तक्रारी करकरून तोंड दुखल्यावर कंपनीने एक माणूस पाठवला होता. बोलायला इतका मऊ की धाकटीने त्याचं नाव लोणी ठेवलं. तो म्हणाला, "ताई, तुमची तक्रार कॅमेऱ्यासमोर सांगा. वरच्या साहेबांना तसंच्या तसं दाखवतो." मास्तरीणबाईंना हुरूप आला. ताठ बसल्या, नळी बाजूला केली आणि आपल्या रीतीने सुरुवात केली. कंपनीच्या जाहिरातीतली दोन वाक्यं त्याच गोड सुरात म्हणून दाखवली. मग धापा टाकत म्हणाल्या, "हे तुमचं म्हणणं. आता माझं ऐका. मी झोपलेले नाही. ही माझी बहीण झोपलेली नाही. तुमचं यंत्र तेवढं मजेत झोपतं." लोणीसुद्धा हसला होता. दिवा धरून धाकटी शेजारीच उभी होती.

कंपनीने पहिली दोन वाक्यं ठेवली आणि बाकीची बाई फेकून दिली. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे म्हणतात ते हेच.

धाकटी पडदा बंद करणार तोच मागून काठी वाजली.

"थांब! बंद करू नकोस. माझी पोर बोलतेय."

आईने ते चारदा ऐकलं. पाचव्यांदा डोळे पुसले. "मला वाटायचं, फार तडफडली असेल. मी जवळ नव्हते ना. पण शांत झोपायची म्हणे. देव पावला गं."

धाकटीला पेच पडला. सांगावं तर आईचं सुख जातं. न सांगावं तर ती घाण रोज घरात वाजते.

मग रोज जेवणं झाली की आई म्हणायची, "लाव गं तिला." बासरी सुरू झाली की धाकटी मोरीत जाऊन नळ मोठा सोडायची. पोर्टलला काय, कुणीतरी रोज बघतंय एवढंच कळत होतं. त्याने त्या चौकटीवर 'सर्वांची लाडकी' असा बिल्ला लावला.

एकदा आई झोपलेली बघून तिने सोबतीला लिहिलं, "ही चित्रफीत काढून टाका. माझी बहीण असं बोललेली नाही. ती आता जिवंतही नाही."

सोबतीने तत्काळ उत्तर दिलं, "हे ऐकून खूप छान वाटलं! आपल्या बहिणीला आमच्याकडून उत्तम आरोग्याच्या शुभेच्छा."

तिने पुन्हा लिहिलं. सोबतीने 'आनंदाने श्वास कसा घ्यावा' हा लेख पाठवला. खाली विचारलं होतं, आमची मदत आवडली का? उत्तराला दोनच चित्रं: हसरा चेहरा आणि त्याहून हसरा चेहरा. धाकटीने फोन पिठाच्या डब्यावर आपटला. दाराला लाथ मारली तर निदान दार वाजतं. इथे लाथही गोड मानून घेत होते.

आणि मग एके सकाळी समोरच्या शिवणकाकू आल्या. काकांनाही धाप लागायची.

"ठरलं एकदाचं," काकू म्हणाल्या. "तेच यंत्र मागवलंय. उद्या आणून देतायत. माझं मन होत नव्हतं, पण तुमच्या आईने मास्तरीणबाईंचं बोलणं ऐकवलं. म्हटलं, त्या बाईने कधी कुणाची खोटी तारीफ केली नाही. त्या म्हणतात तर डोळे मिटून घ्यावं."

"हो, घ्याच," आई म्हणाली. "शांत झोप लागेल त्यांना."

धाकटीने कप खाली ठेवला. "नका घेऊ, काकू."

"का गं?"

"आई, तू जरा आत जातेस?"

"मी का आत जाऊ? मला न सांगण्यासारखं काय आहे?"

तेव्हा तिने सगळं सांगितलं. लोणी, दिवा, जाहिरातीतली वाक्यं, नंतरची वाक्यं. उशांना टेकून बसलेली बहीण. सांगताना ती आईकडे बघत नव्हती, भिंतीकडे बघत होती.

आईने काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाली, "म्हणजे झोपत नव्हती."

"नाही."

"आणि मला म्हणायची, बरी आहे."

"तू धावत आली असतीस मोडकं हाड घेऊन."

"आले असतेच. गाढवा, तू तरी सांगायचंस!" आईने काठी उचलली, पण मारायला नाही, उठायला. "काय काय म्हणाली होती, सगळं पुन्हा सांग. एक शब्द गाळू नकोस."

धाकटीने सांगितलं. आईने ते ओठांतल्या ओठांत घोळवलं. मग काकूंचा हात धरून ती त्यांच्या घरी गेली. काका खुर्चीत पुढे वाकून बसले होते. आई त्यांच्यासमोर उभी राहिली, कमरेवर हात ठेवला आणि लेकीच्या आवाजात आधी कंपनीचं गोड बोलणं म्हणून दाखवलं. काकांनी मान डोलावली. मग तिने पुढचं म्हटलं, लेकीसारखीच धापा टाकत. "मी झोपलेले नाही" इथे तिचा आवाज फुटला. पण ती थांबली नाही, शेवटपर्यंत गेली.

काका म्हणाले, "रद्द कर गं ते."

काकूंनी पोर्टलवर रद्द केलं. पडद्यावर एक बाहुली उगवली, हुंदके देऊ लागली आणि म्हणाली, "आम्हाला तुमची आठवण येईल."

"थू!" आई म्हणाली. तीन घरांना ऐकू गेलं.

ती चौकट अजून तिथेच आहे. अनोळखी माणसं अजून तिच्यावर विश्वास ठेवत असतील, या विचाराने अन्न गोड लागत नाही. आईने ती पुन्हा लावायला सांगितली नाही. जेवणं झाली की आता ती स्वतःच मास्तरीणबाई होते आणि धाकटी तिला कुठे चुकलं ते सांगते.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. देवापुढे हात जोडाल तेव्हा मास्तरीणबाईंची आठवण काढा. पण फुलांत हसणारी बाई आठवू नका. ती कुणी नव्हतीच. नळी बाजूला सारून, श्वास पुरत नसतानाही ताठ बसून भांडणारी बाई आठवा. तिला तिचं सगळं बोलू द्या.