चौथ्या ग्लासातली कॉफी

नमस्कार मित्रांनो! थंड कॉफी ज्यात घालून हलवतात, तो स्टीलचा जुना शेकर तुमच्याशी बोलतो आहे. उंचीने मी वीतभर, अंगाने सडपातळ आणि झाकणाच्या बाबतीत जरा हट्टी. पण माझ्या पोटात जे घडले, ते ऐकलेत तर तुम्ही मला नुसते भांडे म्हणणार नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. यंत्राने चकचकीत पत्र्यावर एकच दणका दिला आणि मला पोट आले! पॉलिश करणाऱ्या कामगाराने मला उजेडात धरले, माझ्यात स्वतःच्या मिशा पाहिल्या आणि म्हणाला, "झकास!" आयुष्यातले ते माझे पहिले कौतुक.

मला विकत घेतले ते ताईंनी. बुटांच्या कारखान्याच्या फाटकासमोर त्यांनी कॉफीचे छोटेसे दुकान थाटले होते. एक लांब फळी, चार उंच स्टुले, बर्फाची पेटी आणि मी. कॉफी तीच, दूध तेच. तरी प्रत्येकाचा ग्लास निराळा. ही विद्या मी त्यांच्या हातातच शिकलो. कारखान्याच्या वजनकाट्यावरच्या कारकुनाला भरपूर बर्फ हवा असे आणि मग अर्धा ग्लास संपल्यावर तो "पाणचट झाली" म्हणून कुरकुरे. ताईंनी त्याच्यासाठी कॉफीचाच बर्फ गोठवला. त्याची कुरकुर बंद! गार कॉफीत साखर विरघळत नाही, तळाशी रुसून बसते. म्हणून ताई साखरेचा पाक घालत. कडूपणा बोचला तर मिठाचे चार कण. फेस हवा असेल तर मला वीस वेळा खळाखळा हलवायचे. माणसे ग्लास संपवून ओठ पुसत आणि मी धुण्याच्या पिंपात बुडी मारताना ऐटीत बुडबुडे सोडत असे.

मग एके दिवशी ताईंच्या भावाने त्यांना विजेचा मिक्सर भेट दिला. बटण दाबले की घर्रर्र! दहा सेकंदांत काम फत्ते. माझी रवानगी वरच्या फळीवर झाली. माझ्या पोटात कागदी नळ्या खोचल्या गेल्या. मित्रांनो, दोन वर्षे मी तसाच उभा होतो. काठावर धूळ साचली. एका कोळ्याने तर मला घरच मानले. कुणाला दोष देऊ? गर्दी वाढली होती, ताईंना दोनच हात होते.

समोरच्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये एकोणीस वर्षे स्वयंपाक करणाऱ्या मावशी ताईंच्या रोजच्या गिऱ्हाईक. चारशे माणसांचे जेवण त्यांच्या हातचे. डाव तळहातावर टेकवून, चाटून त्या सांगत, "अजून पाव मूठ मीठ." आणि ते पाव मूठच लागे. त्या मावशींना मोठा ताप आला. ताप गेला, पण जाताना वास घेण्याची शक्तीच घेऊन गेला. जिभेला जाडीभरडी गोड-खारट तेवढी कळे, बाकी सगळा अंधार.

एकदा रस्सा खारट झाला. दुसऱ्या दिवशी भात खाली करपला आणि मावशी शेजारीच उभ्या असून त्यांना पत्ता नाही. कॅन्टीनच्या मॅनेजरसाहेबांनी त्यांना भांडी घासायच्या विभागात पाठवले. त्यांच्या जागी तात्पुरता आचारी आला आणि महिनाअखेरीला तो कायम होणार असे ठरले.

त्या दुपारी मावशींनी आपली कॉफी एक घोट घेऊन बाजूला सारली.

"काय झालं, मावशी?" ताईंनी विचारले.

"गार पाणी प्यायल्यासारखं वाटतंय बघ. डॉक्टर म्हणतात, रोज सकाळ-संध्याकाळ वास घेत राहा, येईल कधीतरी. कधीतरी म्हणजे कधी गं? माझा डाव दुसऱ्याच्या हातात गेलाय."

 ताईंनी मिक्सरकडे पाहिले. मग हात वर केला, मला खाली घेतले, नळ्या ओतून टाकल्या आणि कढत पाण्याने मला घासून काढले. मला तर न्हाल्यावर नवे कपडे चढवल्यासारखे वाटले!

"मावशी, उद्यापासून रोज यायचं," त्या म्हणाल्या. "रोज मी एकच गोष्ट बदलणार. काय बदललं ते तुम्ही ओळखायचं. आणि प्यायच्या आधी नाक खुपसून वास घ्यायचा. आला नाही तरी घ्यायचा."

पहिल्या दिवशी ताईंनी बर्फ जवळजवळ घातलाच नाही. फार गारठ्याने जीभ बधिर होते ना! दुसऱ्या दिवशी मिठाचे कण. मावशींनी घोट तोंडात घोळवला. "कडूपणा... जरा मागं सरकलाय का?"

"सरकलाय!" ताईंनी माझ्यावर चमचाच वाजवला.

असे रोज चालले. कधी दूध घट्ट, कधी पाक निम्मा. कधी संत्र्याची साल माझ्या तोंडावर चोळलेली. कधी मला फक्त पाचच हेलकावे, म्हणजे फेस नाही आणि घोट जड. काही दिवस मावशी साफ चुकत. एकदा तर त्या स्टुलावरून उठून म्हणाल्या, "राहू दे, पोरी. भांडी घासणं काही वाईट काम नाही." ताईंनी त्यांच्या समोर दुसरा ग्लास ठेवला. "नाहीच वाईट. पण ते तुमचं काम नाही. बसा."

महिना संपत आला तशा मावशी स्वतःच मॅनेजरसाहेबांना म्हणाल्या, "माझी परीक्षा घ्या."

साहेब माणूस वाईट नव्हता. चारशे पोटांची जबाबदारी त्यांच्यावर होती. शुक्रवारी दुपारी ते दुकानात आले. मावशींना पाठमोरे बसवून त्यांनी चिठ्ठीवर चार ग्लासांत काय बदल करायचे ते लिहिले आणि चिठ्ठी ताईंच्या हाती दिली.

ताईंनी मला दोन्ही हातांनी घट्ट धरून हलवायला घेतले.  माझ्या पोटातला बर्फ किणकिणला.

पहिला ग्लास. "पाक कमी आहे." बरोबर.

दुसरा. "दूध कमी, कॉफी जास्त." बरोबर!

तिसरा. मावशींनी जीभ टाळूला लावली. "मीठ घातलंय. दोन कण जास्तच." साहेबांच्या भुवया वर गेल्या.

पहिला जग संपला म्हणून चौथ्यासाठी ताईंनी दुधाचा दुसरा जग उचलला. मावशींनी ग्लास नाकापाशी नेला आणि त्या थबकल्या. पुन्हा वास घेतला. ग्लास तसाच खाली ठेवला.

"यातलं दूध फिरायला लागलंय."

"चुकलात, मावशी," साहेब हळूच म्हणाले. "यात काहीच बदल केलेला नाही. चिठ्ठीवर तसंच लिहिलंय." त्यांनी स्वतः एक घोट घेतला. "चांगली आहे की!"

ताईंनी जग हुंगला. त्यांनाही काही जाणवले नाही. तरी त्यांनी त्यातले थोडे दूध पातेल्यात ओतून शेगडीवर ठेवले. तिघेही पातेल्यात डोकावून उभे राहिले. कडेने बुडबुडे आले आणि बघता बघता दूध फाटले. पाणी एकीकडे, गोळे एकीकडे!

"अगं, वास आला मला!" मावशी ओरडल्या. "नुसती चव नाही, वास आला!" त्यांनी हात असे काही उडवले की मी फळीवरून थेट फरशीवर. पोटाला चांगलाच पोचा आला. मित्रांनो, सैनिकाला पदक मिळते ना, तसा तो मी मिरवतो.

मावशी दुकानभर हुंगत सुटल्या. "हा साबण. ही कॉफी. ते समोरून बुटांचं चामडं. आणि साहेब, तुमच्या खिशात लवंग आहे का हो?"

साहेबांनी चकित होऊन खिशातून लवंगेची पुडी काढली. मग टोपी काढून म्हणाले, "सोमवारी सकाळी सहाला स्वयंपाकघरात या. डाव तुमचा."

"सोमवारी कशाला?" मावशींनी पदर खोचला. "उद्या शनिवारी काय माणसं उपाशी बसणार आहेत?"

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर कामगार ढेकर देत फाटकातून बाहेर आले. रस्सा तिसऱ्यांदा वाढून घेतला, असे कारकून ज्याला त्याला सांगत होता.

आता मिक्सर गर्दीच्या वेळी घुरघुरतो आणि ज्याला आपल्या जिभेची कॉफी हवी, त्याच्यासाठी ताई मला उचलतात. मित्रांनो, माझे एवढेच मागणे. माझ्यासारख्या भांड्याला धुतल्यावर झाकण उघडे ठेवून नीट सुकवा. ओल कोंडली की आम्हाला कुबट वास धरतो. आणि आजारातून उठलेले घरातले कुणी "चवच लागत नाही" म्हणाले, तर त्याचे ताट उचलून नेऊ नका. त्याच्या शेजारी बसा. आज एक गोष्ट बदलून द्या, उद्या दुसरी. आणि न कंटाळता रोज विचारा, "आता कसं लागतंय?"