शिंपवलीची विहीर

जुन्नरजवळच्या बोरीच्या हौशीरामनं आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघितला तो पोरीचं स्थळ बघायला गेल्यावर. मुंबईच्या कडेला शिंपवली नावाचं चिमुकलं उपनगर, तिथला निशांत पोरीनं, वृषालीनं, नोकरीत असताना स्वतःच पसंत केलेला. हौशीरामच्या काही मनात नव्हतं, पण बयाबाईच्या, म्हणजे बायकोच्या, हट्टापुढं बिचाऱ्याचं काय चालतंय!

निशांतचे वडील मोरेश्वरभाऊ बोलण्यात मोठे हौशी. चहा पाजला न् निघाले पाहुण्यांना गाव दाखवायला. पडका किल्ला झाला, दीपगृह झालं, दांड्यांवर वाळत घातलेले बोंबीलसुद्धा झाले.

"पूर्वी इथं गलबतं लागायची. माल बैलांवर लादून नाणेघाटानं तुमच्या जुन्नरलाच चढायचा, भाऊ. आपलं नातं जुनंच!"

"आसंल," हौशीराम म्हणाला. बयाबाईनं त्याला कोपरानं ढोसलं. त्याचा होकार ऐकायला तिचा जीव नुसता टांगणीला लागलेला, आणि हा गडी मख्खासारखा उभा.

धक्क्यावर मात्र त्याला राहवेना. "मोरेश्वरभाऊ, एवढं पानी दावलंत. पन प्यायाचं कुठलं? आन् भरतं कोन?"

मोरेश्वरभाऊ चपापले. "नळाला थोडा वेळ येतं. नाहीतर विहीर आहे."

बयाबाईला सारजा आठवली. हौशीरामची धाकटी बहीण सारजा अशीच मोठं घर बघून डोंगरातल्या गावी दिलेली. पाण्याचं कुणी विचारलंच नाही. भर उन्हाळ्यात दरीतून हंडा आणताना पाय घसरला आणि पोर गेली. तेव्हापासून कुणाचीही सोयरीक असो, हौशीराम आधी पाण्याचं विचारायचा. लोक हसायचे.

"विहीर दावा," तो म्हणाला.

विहीर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर होती. निशांतनं पोहरा सोडला, तोच पलीकडं धुणं आपटणारी म्हातारी ओरडली, "अरे मेल्या, पहाटे घरचे हंडे भरून गेलास ना? रोज सगळ्यांच्या आधी तूच! आता परत कशाला आलास?"

निशांत कानापर्यंत लाल झाला. हौशीरामनं ओंजळ पुढं केली आणि घोट घेतला. अगं बया, काय गोडं पाणी! त्याच्या डोळ्यांना धार लागली.

"सारजीच्या वक्ताला मी एवढं इचारलं आसतं तर..." तो बायकोला म्हणाला. बयाबाईनं नुसता त्याचा हात धरला.

मग त्यानं टोपीनंच तोंड पुसलं.

"व्याही," तो मोरेश्वरभाऊंना म्हणाला, "त्यो किल्ला पुन्यांदा दावा. मगाशी मी काय बघितलाच न्हाई."