चाकांवरची खूण

माघातली दुपार उतरू लागली की सड्याचा रंग पालटतो. जांभ्या दगडाचं ते आरक्त, ओसाड, उन्हानं भाजलेलं पठार आधी केशरी होतं, मग तांबूस, मग राखाडी-जांभळं. पायाशी पसरलेला निळाशार, अथांग, आळसावलेला समुद्र त्या रंगांकडे ढुंकूनही बघत नाही. सड्याच्या कडेवर, जिथं पूर्वी वाऱ्याखेरीज कुणी राहत नव्हतं, तिथं आता पोलादाचा एक उंच, करडा, कोरडा टॉवर उभा आहे. एका खाजगी कंपनीनं सडा घेतला, कुंपण घातलं आणि इथून आकाशात अग्निबाण सोडायचं ठरवलं. वाडीला हे वर्तमानपत्रातून कळलं.

कुंपणाच्या अलीकडे, माडांच्या हलत्या, हिरव्या, झिरझिरीत सावलीत, एका कौलारू घराच्या खिडकीशी दर्शना तारी पडून होती. निजली नव्हती. नुसतं पडून राहणं हेच तिचं काम झालं होतं. पोटात मूल होतं, आणि मुलाची वार खाली सरकली होती. तालुक्याच्या डॉक्टरीणबाई गोड बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. "खाटेवरून खाली उतरलीस, जिने चढलीस-उतरलीस, तर तुझं आणि बाळाचं काय होईल ते मला सांगता यायचं नाही," एवढं बोलून त्यांनी पुढच्या बाईला आत बोलावलं होतं.

तेव्हापासून खाट, भिंत आणि खिडकी. खिडकीला उभे गज आणि आडव्या पट्ट्या. पट्ट्यांमध्ये आकाशाचे चौकोन, आणि त्या चौकोनांतून वर वर जाणारा टॉवर.

तिनं त्याला जन्मापासून पाहिलं होतं. आधी जमीन थरथरली, मग लाल धूळ उडाली. मग राखाडी, रुंद, गर्भगृहाच्या जोत्यासारखा चौथरा आला. मग क्रेन आली, लांब मानेची, पिवळी, अधाशी. सकाळी सळ्या चढायच्या, दुपारी पट्ट्या बसायच्या, संध्याकाळी वेल्डिंगच्या ठिणग्यांचे झेले खाली झरायचे. एक मजला, त्यावर एक मजला, त्यावर अजून एक. सारं पोलाद वर चाललं होतं आणि सारं आकाश त्याला वाट देत होतं. आणि इथं ती, आडवी. कूस बदलायची तर सासूला विचारून. तिला टॉवरचा हेवा वाटायचा, अगदी सख्ख्या जावेचा वाटावा तसा.

तरी ती बघत राहायची. दुसरं होतं काय बघायला?

संध्याकाळी तिचा नवरा लवू होडी लावून यायचा. मिठानं पांढरे पडलेले पाय दारातच धुवायचा आणि खाटेच्या कडेला टेकत विचारायचा, "काय गो, कितको वाढलो आज?"

"वरच्या पट्टीक लागलो," ती सांगायची. त्या एका वाक्यासाठी ती दिवसभर जागी असायची.

या खाडीचं मुख फसवं आहे. वरून पाणी गुळगुळीत, खाली दोन्ही अंगांना काळी, धारदार, दबा धरून बसलेली खडपं. त्या खडकांमधून आत यायला खोल पाण्याची एकच चिंचोळी पट्टी. ती डोळ्यांनी दिसत नाही, ती खुणांनी धरायची असते. मुखाशी कातळावर पांढरी घुमटी आहे, खाडीच्या देवाची. तिच्या बरोबर मागे, वर सड्याच्या कडेवर, उंडीचं जुनं झाड होतं. घुमटीच्या माथ्यावर उंडी उभी दिसली की होडीचं नाक समोर धरून आत यायचं. वाडीतले आजे-पणजे असेच आत आले. कंपनीनं सडा घेतला तेव्हा पहिली ती उंडी तोडली, आणि तेव्हापासून अंधार पडायच्या आत जो तो घाईनं घर गाठू लागला.

एका संध्याकाळी दर्शना म्हणाली, "तुमची उंडी परत उगावता हा. टावर तिच्याच जाग्यार इलो. बघा तरी."

लवू हसला. पण दुसऱ्या दिवशी त्यानं बघितलं, आणि घरात शिरता शिरता म्हणाला, "खरां बोललंस गो. टावर घुमटीवर धरलंय आणि सरळ आत इलंय."

त्या रात्री वाडीत घरोघरी हीच गोष्ट निघाली. पुढं टॉवरच्या माथ्यावर लाल दिवा लागला आणि सोन्याहून पिवळं झालं. आता काळोखातही येता येई. खाली घुमटीतला दिवा, वर टॉवरचा लाल दिवा, एकावर एक धरायचे की झालं. खाटेला खिळलेल्या बाईनं वाडीला वाट दिली, असं जो तो म्हणू लागला. दर्शनाला इतका आनंद लग्नातही झाला नव्हता.

त्या टॉवरच्या बुडाला पत्र्यांचा आडोसा होता. आडोशाच्या आत काय आहे ते कुणी पाहिलं नव्हतं. झाडासारखं उभं असलेलं काही झाडासारखं एका जागी राहणारच, एवढा साधा विश्वास वाडीनं टाकला, आणि तो टाकताना कुणाच्या मनात पाल चुकचुकली नाही.

आज कंपनीनं शाळेच्या मैदानात वाडीला जेवण ठेवलं होतं. काम पुरं झालं, म्हणून मोठा कार्यक्रम, मोठा कर्णा, मोठी भाषणं. वाडी रिकामी झाली. घुमटीत दिवा लावायची पाळी घरागणिक फिरते आणि आज ती तारींकडे होती. सासूनं दिवसाउजेडीच दिवा लावून टाकला आणि नवं लुगडं नेसून ती खाटेशी आली.

"दिवो लावन ठेवलंय, तेल भरपूर घातलंय. तू हलू नको. मी नाय गेलंय तर बरां दिसाचां नाय."

लवू गेला नाही. त्याला भाषणांचं वावडं. तो होडी घेऊन बाहेर पडला होता, एकटाच.

ऊन पिवळं झालं. पिवळ्याचं तांबडं झालं. माडांच्या सावल्या लांबल्या, लवंडल्या, घरात शिरल्या. दर्शना टॉवरकडे बघत होती, आणि तिला वाटलं, आपलं डोकं उशीवरून सरकलं. टॉवर नेहमी तिसऱ्या गजाला चिकटून असायचा. आज गज आणि टॉवर यांच्यामध्ये आकाशाची एक बारीक फट होती.

तिनं डोकं होतं तिथं आणलं. फट राहिली. तिनं डोळे मिटले, गोळ्यांची गुंगी असेल म्हणून थांबली, डोळे उघडले. फट रुंद झाली होती.

टॉवर चालत होता. संथ, निःशब्द, निर्विकार, तो अख्खा पोलादी पहाड रुळांवरून बाजूला सरकत होता, लग्नातली वरात सरकावी तसा. त्याच्या जागी उरला होता इतके दिवस त्याच्या पोटात झाकलेला एक शुभ्र, सडपातळ, तरतरीत अग्निबाण, बिनदिव्याचा, संध्याकाळच्या राखाडी आकाशात विरत चाललेला. टॉवर दुसऱ्या गजापाशी गेला, थांबला, आणि त्याच्या माथ्यावर रोजच्यासारखा लाल दिवा लागला.

लवू परत येताना दोन दिवे एकावर एक धरणार. धरणारच, कारण ते धरायला तिनंच शिकवलं होतं. आणि आजची ती रेघ खोल पाण्यातून जात नव्हती. ती सरळ खडपावर जात होती.

तिनं फोन लावला. तो संपर्कक्षेत्राच्या बाहेर होता. सासूला लावला. घंटी वाजत राहिली आणि खिडकीतून दूरच्या कर्ण्याचा आवाज येत राहिला. ती ओरडली. रिकाम्या वाडीत एक कुत्रा उठला आणि परत बसला.

मग तिनं पाय खाली टाकले.

शहाबादी फरशीचा गारवा कित्येक दिवसांनी तळव्यांना लागला. उंबरा, अंगण, पहिला माड. एका माडाला धरून दुसरा माड, दुसऱ्याला धरून तिसरा. एक हात खोडावर, एक हात पोटावर. पुढं जांभ्याच्या पायऱ्यांची उतरण. ती बसली, आणि बसून बसून एकेक पायरी उतरली. बाळ आत गप्प होतं. इतकं गप्प की तिला रडू आलं, पण रडायला थांबणं परवडणारं नव्हतं. पोटऱ्यांवरून काहीतरी ऊन ओघळलं. तिनं खाली बघितलं नाही.

कातळ आला. घुमटी आली. आत पितळेचा दिवा, मंद, सोनेरी, स्थिर, आणि दूर पाण्यावरून इंजिनाचा ओळखीचा, खोकल्यासारखा आवाज.

तिनं हात पुढं केला आणि हात तिथंच राहिला.

हा दिवा कधी विझवत नाहीत. उजाडता उजाडता तेल संपून तो आपसूक शांत होतो. फक्त वाडीत कुणी दगावलं तर घुमटी अंधारी ठेवतात, आणि अंधारी घुमटी दिसली की बाहेरची होडी मुखाशीच नांगर टाकते. सूतक लागलेल्या खाडीत रात्री कुणी शिरत नाही, उजाडेपर्यंत. आणि कुंकवाच्या बाईनं, भरल्या दिवसांच्या बाईनं, धनी पाण्यावर असताना देवापुढची ज्योत मालवायची? असं काही तिच्या आईनं ऐकलं असतं तर कानांवर हात ठेवले असते.

इंजिन जवळ आलं.

दर्शनानं ज्योतीवर पदर दाबला.

अंधार झाला. समुद्र एकदम मोठा झाला, आकाश एकदम जवळ आलं, आणि खडपांवर फुटणाऱ्या लाटेचा पांढरा फेस तेवढा चमकत राहिला. इंजिन अजून चालू होतं. अजून चालू होतं. मग ते अडखळलं, मंदावलं आणि थांबलं. साखळीचा खळखळाट पाण्यात गेला. लवूनं नांगर टाकला होता. तो जगला होता. दर्शना घुमटीला पाठ टेकून खाली बसली आणि हसली.

मग पाण्यावरून आवाज आला.

"दर्शना..."

तेवढंच. तो प्रश्न नव्हता, हाक नव्हती. वाडीत आज अंथरुणाला खिळलेलं माणूस एकच होतं. घुमटी अंधारी होती. लवूनं दोन आणि दोन चार केले होते.

"मी हयसर आसंय," ती ओरडली. "जित्ती आसंय."

खारा वारा समुद्राकडून येत होता, तोंडावर, अंगावर, ओला आणि जोरकस. त्यानं तिचे शब्द उचलले आणि तिच्याच मागे माडांत नेऊन टाकले. लवूचा प्रत्येक हुंदका मात्र तो तिच्या कानाशी आणून देत होता, एकही न सांडता. मोठा, रांगडा, कधी न रडलेला माणूस काळ्या पाण्यावर एकटा बसून तिच्यासाठी रडत होता.

घुमटीच्या कोनाड्यात आगपेटी होती. हातात फोन होता, फोनला विजेरी होती. एक ठिणगी दाखवली असती तरी पुरे होतं. पण या कातळावर उजेड दिसला की तो घुमटीचाच, आणि वर तो लाल दिवा तिथंच जळत होता, चुकीच्या जागी, निश्चल, निर्दोष. उजेड दिसताच लवू नांगर उचलणार, दिवे एकावर एक धरणार आणि आनंदानं खडपावर येणार. तिनं फोन बंद केला. आगपेटी हाताला लागू नये म्हणून दूर पाण्यात भिरकावली.

परत वर चढणं तिच्यानं होणार नव्हतं. कर्णा अजून वाजत होता. वारा फिरेल, तिला ठाऊक होतं. रात्र चढली की जमीन निवते आणि मतलई सुटते, जमिनीवरून समुद्राकडे, हळूहळू, झुळझुळत. तोवर तिनं फक्त असायचं होतं. असायचं, आणि तो रडताना ऐकायचं.

पोटात, खोल, एक बारीकशी टाच वळली. मग पुन्हा वळली.

नवऱ्याचं नाव तिनं आजवर ओठांवर आणलं नव्हतं. आता तिनं ते म्हटलं, आधी पुटपुटत, मग मोठ्यानं, मग छाती फुटेस्तोवर. लवू. वारा नाव परत आणत होता आणि ती ते परत पाठवत होती. लवू. लाट येत होती आणि जात होती. लवू. आणि तिकडे, काळोखाच्या पलीकडे, तिचं नाव घेऊन कुणी तिला रडत होतं, आणि इकडे ती, ओल्या कातळावर, जिवंत.