जित्या मानसाचा दगड

सायबाच्या मुलखात कापूस भेटेना, अन् अकोल्याच्या बाजारात आमच्या कापसाले सोन्याचा भाव आला. तवापासून भातकुलीजवळच्या आमच्या गावाची अक्कलच गेली. भगवंतराव पाटलानं गाडीच्या चाकाले चांदीची पट्टी ठोकली, तवा मी हासली. पन त्यायनं माह्या नवऱ्याचा दगड उभा केला, तवा माहं हासू पळालं.

शंकरपटाच्या शर्यतीत पयले लोक ओझ्याच्याच बैलगाड्या पळवत. आमच्या मालकानं, माह्या नवऱ्यानं, माल भरायचा भाग काढून टाकला, चाकं लहान केली, वर उभं राहाले एक फळी ठोकली. त्या हलक्या गाडीनं परतवाड्याची जोडी हारवली. मंग पाटील म्हने, आमच्या नत्थुजीचं नाव राहिलं पायजे. पटाच्या मैदानात दगड आला. त्यावर गाडी, बैल अन् माहे मालक कोरले. पाथरवटानं सवयीनं शेंदूरबी फासला.

आता सांगा, मानूस मेल्याबिगर कोनी त्याचा शेंदराचा दगड मांडते का? पार्बताबाई म्हातारीनं तर त्यापुढं भाकर ठेवली, मेलेल्याले ठेवतात तसी. पाटलाले म्हटलं, काढा तो. तो म्हने, शेंदूर लागला, आता हालवला तर कोप होईन. मालकाले म्हटलं, औंदा गाडी हाकू नका. ते हासले, भेकड म्हने मले.

पटाच्या दिवशी ते फळीवर चढले. माहा जीव थाऱ्यावर नव्हता. दगडाले मेलेला मानूस पायजे ना, मंग मेला असं वाटू दे त्याले. सारे लोक गाड्या पाहून राहिले होते. मी दगडापाशी गेली, दोनी हात आपटून बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं.

"घे," म्हटलं, "झाली मी रांडकी. आता त्यायच्या मांगं लागू नको."

तिकडं आरडाओरडा झाला. मालक जिंकले. धुळीनं माखलेले, हासत हासत माह्याकडं आले. अन् माहे मनगटं पाहून जागीच थांबले.

"मी मेलो का वं?" त्यायनं हळूच इचारलं.

"नाई वो. जित्ते हाव तुमी."

त्यायनं माहा हात धरला. तेवढ्यात पार्बताबाईनं माहं कपाळ पाह्यलं, अन् मालकाच्या नावानं गळा काढला.